अमेरिकेतली गुलामी वाचायची तर आधी कोण: डग्लस की स्टो?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका वाचून तिकडचा इतिहास मुळातून वाचावासा वाटला, की बहुधा दोन पुस्तकं समोर येतात: फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन (१८४५) आणि हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी (१८५२). दोन्ही बॉस्टनला छापली गेली आणि दोन्ही गुलामीवर घाव घालायलाच लिहिली गेली. माझं मत स्पष्ट आहे: आधी डग्लस.

डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. आपली जन्मतारीख आपल्याला ठाऊक नाही, हे तो सुरुवातीलाच सांगतो. आई बारा मैलांवरच्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम उरकून ती रात्री चालत यायची, त्याला कुशीत घेऊन निजवायची आणि तो उठायच्या आत निघून गेलेली असायची. पुढे बाल्टिमोरला मालकीणबाई त्याला अक्षरं शिकवू लागली, तर नवऱ्याने तिला अडवलं. शिकलेला माणूस गुलाम म्हणून राहायचा नाही, हे त्याचं म्हणणं पोराने ऐकलं आणि सुटकेची वाट त्याला तिथेच कळली. मग गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात वाचायला शिकायचं, असं त्याने सुरू केलं. ‘विद्येविना मती गेली’ पाठ असलेल्या वाचकाला हा भाग थेट भिडतो.

या पुस्तकाची किंमत लेखकाने स्वतः मोजली. मालकांची खरी नावं छापल्यामुळे, मालकाकडून पळून उत्तरेत आलेला डग्लस पुन्हा पकडला जाण्याचा धोका वाढला आणि तो आयर्लंड-ब्रिटनला गेला. तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं. तो पळाला कसा, हे मात्र या पुस्तकात मिळणार नाही. मागून पळणाऱ्यांची वाट बंद होऊ नये म्हणून त्याने ते मुद्दाम लपवलं.

स्टो गोऱ्या, धर्मोपदेशकाच्या कन्या. त्या सिनसिनाटीत राहिल्या होत्या. तिथे गुलामी नव्हती, पण ओहायो नदीपलीकडे केंटकीत होती. पळालेल्या गुलामांना परत पाठवण्यात गुलामी नसलेल्या उत्तरेतल्या लोकांनाही सामील करून घेणारा कायदा १८५० मध्ये झाला, आणि त्या संतापातून ही कादंबरी आली. पहिल्याच वर्षात अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रती खपल्या. गोरं मध्यमवर्गीय घर हलवायचं कसं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. नवव्या प्रकरणात, याच धाटणीच्या कायद्याला पाठिंबा देऊन घरी आलेल्या सिनेटरच्या दारात त्याच रात्री लेकराला घेऊन पळालेली एलायझा उभी राहते, आणि तिला पुढे पोचवायला तो स्वतः गाडी घेऊन निघतो.

पण या कादंबरीतली काळी माणसं बरीचशी बाहेरून पाहिलेली आहेत. टॉप्सी ही गुलाम पोर हसण्याजोगी होते, नायक टॉमच्या सोसण्याचाच गौरव होतो, आणि एलायझाचं सुटलेलं कुटुंब शेवटी आफ्रिकेत, अमेरिकेतल्या मुक्त काळ्यांसाठी वसवलेल्या लायबेरियाला निघतं. डग्लसने कादंबरीचं मनापासून कौतुक केलं, पण लायबेरियाची वाट त्याला मान्य नव्हती. हा देश आमचाही आहे, अशी त्याची भूमिका होती. म्हणूनच तो आधी वाचावा. मग स्टो कुठे खऱ्या आहेत आणि कुठे कमी पडतात, हे आपलं आपल्याला दिसतं.

डग्लसची अकरा प्रकरणं आणि स्वच्छ इंग्रजी. स्टोंची पंचेचाळीस, त्यात बोलीतले संवाद अडखळवणारे. शाळकरी मुलासाठी निवडत असाल तर डग्लसच्या पहिल्याच प्रकरणात त्याच्या मावशीला चाबकाने मारण्याचा प्रसंग आहे, तो आधी स्वतः वाचा. गुलामीविरुद्धचं जनमत कसं तयार झालं, एवढंच अभ्यासायचं असेल तर मात्र स्टोंपासून सुरुवात योग्य.

बाईने स्वतः सांगितलेली गुलामी या दोन्हींत नाही. ती हॅरिएट जेकब्ज यांच्या १८६१ च्या आत्मकथनात आहे. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी त्या आजीच्या घराच्या छपराखालच्या सांदीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिल्या होत्या. वेळ दोनच पुस्तकांपुरता असेल तर डग्लसनंतर मी जेकब्ज घेईन, आणि स्टोंचं नववं प्रकरण तेवढं वाचेन.