पॅनेलवर घेतो म्हणाला आणि १,१७,००० घेऊन गेला

पूर ओसरल्यावरची कामं मी घेतो. गाळ उपसणं, भिंती वाळवणं, प्लास्टर, वायरिंग. पंधरा वर्षांच्या धंद्यानंतर एका पोराने मला टोपी घातली. घरचे हसून झालेत, आता तुम्ही हसा, पण वाचा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. पुढच्या आठवड्यात मी मजूर घेऊन पोचलो. हायवेवरच्या हॉटेलात एकाने गाठलं. म्हणे, विमा सर्व्हेअरचा, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्याचा माणूस. साहेब रोज वीस दुकानं बघतात, तुम्हाला पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या ठेकेदारांच्या यादीत घेतो, कामं आपोआप येतील. पॅनेल फी २५,००० रोख. डिपॉझिट ४०,०००. तीन दुकानांच्या ५,२०,००० च्या एस्टिमेटवर दहा टक्के आगाऊ, म्हणजे ५२,०००. हे शेवटचे दोन आकडे मी मोबाइलवरून पाठवले.

तिथंच कळायला हवं होतं. गावात घोटाभर गाळ, माझे गमबूट वरपर्यंत बरबटलेले, आणि रोज वीस दुकानं हिंडणाऱ्याच्या पांढऱ्या बुटांवर एक शिंतोडा नाही! मी बघितले ते बूट. बघितले आणि मनात म्हटलं, साहेबांच्या गाडीतून फिरत असेल. त्याची वकिली मीच केली.

अगदीच बावळट नाही हो मी. २०१९ च्या पुरात कोल्हापुरात एका खऱ्या सर्व्हेअरने माझं एस्टिमेट पाहिलं होतं: खोलीवार मापं, रोजचे फोटो, दर सुटे लिहिलेले. त्याचं काम सोपं झालं. पुढे दुकानदारांनी विचारलं तेव्हा त्याने जी दोन-तीन नावं सांगितली, त्यात माझं होतं. माझा चहासुद्धा घेतला नाही त्याने. सर्व्हेअरची फी विमा कंपनी देते, आपण नाही. हे माहीत असून मी पैसे मोजले, कारण मजुरांचा रोज चालू होता.

तीनपैकी एक दुकान सापडलंच नाही, दुसऱ्याचा विमाच नव्हता, तिसरा मालक म्हणाला, तुम्ही कोण? फोन बंद. पावतीवर जांभळा शिक्का आहे, सर्व्हेअरचा लायसन्स नंबर नाही. नंबर मागा आणि इर्डाच्या (विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर नाव शोधा, पैसे देण्याआधी!

एका पोलीस ठाण्यात सांगितलं, पैसे तुमच्या गावच्या खात्यातून गेले, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, घटना इकडची नाही. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा त्याच ठाण्यात नोंदवायचा. मला तेव्हा हा शब्दच ठाऊक नव्हता. अर्जाची पोच मागितली तर ‘साहेब आले की शिक्का मारतो’. साहेब सहा आठवडे आले नाहीत. बँक म्हणाली, पाठवलेत तुम्हीच. (आता ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० ही हेल्पलाइन आहे, त्याच तासाला फिरवा.) विमा कंपनीच्या शाखेत काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, तो आमचा नाहीच, तर तक्रार कशी घेऊ?

सगळ्यात झोंबला तो एक हवालदार. अर्ज वाचून म्हणाला, “सर्व्हेअरला पैसे चारून कामं मिळवणार होतात ना? मग फसवलं कोणी कोणाला?” मी अर्ज घेऊन बाहेर आलो.