लिंट की काये? घरच्यांना घेऊन स्वित्झर्लंडला येताय तर कुठल्या चॉकलेट फॅक्टरीत जायचं

मी झ्युरिकजवळ राहतो. मे-जून म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांचा सीझन, आणि प्रत्येकाच्या यादीत टिटलिस नाहीतर युंगफ्राऊ असा एखादा बर्फाचा डोंगर झाला की खाली एक ओळ ठरलेलीच असते, 'चॉकलेट फॅक्टरी'. कुठली ते लिहिलेलं नसतं कारण सगळ्यांना वाटतं एकच असेल. तर असं नाहीये. जायच्या लायकीच्या दोन मोठ्या जागा आहेत, एक झ्युरिकला लागून किल्खबर्गमध्ये लिंटची आणि दुसरी पार फ्रेंच बोलणाऱ्या भागात ब्रोक नावाच्या गावात, कायेची. हे काये म्हणजे फ्रेंच स्पेलिंगमध्ये दोन एल आणि शेवटी आर आहे पण उच्चार काये. आईला फोनवर सांगितलं की एक लिंटचं आहे आणि एक कायेचं, तर ती म्हणाली "कायेचं म्हणजे कशाचं रे? नीट सांग ना." आमच्या घरात तेव्हापासून त्या चॉकलेटचं नावच 'काये' असं प्रश्नचिन्ह लावून घेतलं जातं.

दोन्हीकडे मी तीन-चार वेळा वेगवेगळ्या लोकांना घेऊन गेलोय, आई-बाबा, ताई-भाओजी आणि त्यांची दोन मुलं, मावशी-काका. त्यामुळे कोणाला कुठे आवडलं आणि कोण कुठे कंटाळलं याचा मला बऱ्यापैकी अंदाज आलाय.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. 'फॅक्टरी बघायला' म्हणून जाल तर दोन्हीकडे थोडी निराशा होणारे. खऱ्या कारखान्यात तुम्हाला कोणी सोडत नाही, स्वच्छतेचे नियम असतात. जे दिसतं ते काचेमागचं एक छोटंसं युनिट. बाबांच्या डोक्यात आपली कोकणातली काजूची फॅक्टरी होती, आत शिरायचं, बायका काजू सोलत बसलेल्या असतात, त्यांना दोन प्रश्न विचारायचे, मालक स्वतः येऊन भाजलेले काजू हातावर ठेवतो. ते इथे नाही. इथे हे म्युझियम आहे, शेवटी चॉकलेट खायला मिळणारं म्युझियम, एवढं मनाशी धरून गेलात की मग दोन्ही जागा छान आहेत.

लिंटची जागा नवीन आहे, सप्टेंबर २०२० मध्ये उघडली, उद्घाटनाला रॉजर फेडरर होता (तो लिंटचा ब्रँड अँबॅसिडर, भाओजींना या एका माहितीवरच तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले). दारातून आत शिरलं की समोर नऊ मीटरपेक्षा उंच चॉकलेटचं कारंजं, म्हणजे साधारण तीन मजले, वर एक भलामोठा सोनेरी व्हिस्क आणि त्यातून खरंखुरं पातळ चॉकलेट खाली लिंडॉरच्या (लिंटची ती गोल चॉकलेटं) मोठ्या गोळ्यावर पडत राहतं. वास पूर्ण हॉलभर. सगळ्यांचे फोन बाहेर येतात आणि पुढची पंधरा मिनिटं कोणी हलत नाही, तेवढा वेळ हिशोबात धरा. हात लावता येत नाही, मुलं पहिला प्रश्न तोच विचारतात.

मग ऑडिओ गाईड घेऊन वर जायचं. घानामधल्या कोकोच्या शेतीपासून सुरू होतं, शेंग कशी फोडतात, बिया आंबवतात, वाळवतात. आमच्या काकांना हे सगळ्यात आवडलं कारण त्यांनी केरळात पोफळीच्या बागेत कोकोची झाडं बघितली होती, आणि तिथेच उभं राहून त्यांनी आम्हाला ऑडिओ गाईडपेक्षा जास्त माहिती दिली. पुढे इतिहास येतो, आणि त्यातली कोंचिंगची, म्हणजे चॉकलेट घोटण्याची, गोष्ट मुलांना नक्की समजावून सांगा. १८७९ साली बर्नमध्ये रोडोल्फ लिंटने त्याचं यंत्र काढलं, त्याच्या आधीचं चॉकलेट रवाळ असायचं, दाताखाली कचकच लागायचं. त्याने ते गरम करून तासन्‌तास घोटत ठेवलं, कोको बटर घातलं, आणि ते जिभेवर विरघळायला लागलं. श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढल्यावर जो फरक पडतो ना, तसलाच प्रकार. वीस वर्षांनी, १८९९ मध्ये, झ्युरिकच्या श्प्र्युंग्ली या चॉकलेट कंपनीने लिंटचा कारखाना आणि कृती पंधरा लाख सोन्याच्या फ्रँकला विकत घेतली. किल्खबर्गचा कारखानाही त्याच वर्षीचा.

खायचा भाग म्हणजे आधी पातळ चॉकलेटचे नळ, चमचा घ्यायचा आणि खाली धरायचा, पांढरं, मिल्क आणि डार्क. माझ्या भाच्याने सलग सात चमचे भरले आणि आठव्याला स्वतःच म्हणाला "मामा, पाणी." मग पुढे छोटे तुकडे देणारी मशिन्स आणि शेवटी लिंडॉर. सगळं मिळून दीड तास, फार तर दोन, नंतर दुकान. दुकानाबद्दल वेगळं बोलू.

आता काये. हा स्वित्झर्लंडमधल्या अजून टिकून असलेल्या चॉकलेट ब्रँडमधला सगळ्यात जुना, फ्रान्स्वा-लुई कायेने १८१९ मध्ये व्हेवे गावाजवळ सुरू केला, त्याच्या नातवाने, अलेक्झांड्रने, १८९८ मध्ये ब्रोकला कारखाना बांधला कारण आजूबाजूला कुरणं, गाई आणि दूध. १९२९ पासून हा नेस्लेकडे आहे, हे मुलांना सांगितलं की "मॅगीवाली नेस्ले?" असा प्रश्न येतो आणि हो, तीच.

इथलं म्युझियम एकदम वेगळ्या धाटणीचं आहे. तुम्हाला घोळक्याने आत सोडतात, एका अंधाऱ्या खोलीतून दुसऱ्या खोलीत, दारं आपोआप उघडतात, पुतळे, प्रकाश, आवाज, ॲझटेक लोक, त्यांना जिंकणारा स्पॅनिश कोर्तेस, जहाजं, फ्रान्सचा दरबार, असं करत करत गोष्ट ब्रोकपर्यंत येते. आपल्या गणेशोत्सवातला हलता देखावा आठवतो मला दर वेळी, फक्त वातानुकूलित. पाचेक वर्षांच्या पोराला अंधार आणि मोठा आवाज नको होऊ शकतो, धाकट्या भाचीने सुरुवातीच्या दोन खोल्यांत माझा हात सोडला नाही. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र इथे जास्त रमतात, लिंटकडे त्यांना वाचायचं-ऐकायचं जास्त वाटतं.

देखावा संपला की खरी मजा. कोकोच्या बिया, बदाम, हेझलनट, कोको बटर, सगळं हातात घेऊन बघता येतं, वास घेता येतो. आई तिथून हलेना. काचेमागे 'ब्रांश' नावाच्या कांड्या बनवणारी एक लाईन चालू असते, कांडी कशी तयार होते, वेष्टनात कशी जाते, हे लिंटपेक्षा इथे जास्त नीट दिसतं असं माझं मत. आणि शेवटी टेस्टिंगची खोली, जिथे ट्रेमध्ये चॉकलेटं मांडलेली असतात आणि खा किती खायची ती. पंगतच, फक्त आग्रह करणारं कोणी नाही, त्याची गरजही पडत नाही. नवशिके पहिल्याच ट्रेवर तुटून पडतात आणि तिसऱ्यापर्यंत हात टेकतात. सकाळी नाश्ता हलका करा, पाण्याची बाटली ठेवा, आणि पर्समध्ये चिवड्याची पुडी पाहिजेच, बाहेर आल्यावर अर्ध्या तासात प्रत्येकाला काहीतरी तिखट हवं असतं.

चवीत फरक आहे का? आहे. मिल्क चॉकलेटचा शोध काये घराण्याच्या जावयाने लावला, डॅनिएल पीटर, मूळचा मेणबत्त्या बनवणारा, व्हेवेमध्ये, १८७५. दुधातलं पाणी आणि कोकोतलं तेल एकत्र नांदत नाही ही त्याची अडचण होती, ती आटवलेल्या दुधाने सुटली. काये आजही दूध पावडर न वापरता आटवलेलं दूध वापरतं, त्यामुळे त्याला एक खव्यासारखी, किंचित कॅरॅमलसारखी चव येते. मावशीने तोंडात टाकलं आणि म्हणाली "हे पेढ्याकडे जातंय." लिंट जास्त गुळगुळीत आणि लोण्यासारखं, काये जास्त दुधाळ. आमच्या घरात मत विभागलेलं आहे, ज्येष्ठ मंडळी कायेकडे, पोरं लिंटकडे.

पण खरा निर्णय चवीवर होत नाही, तुम्ही राहताय कुठे त्यावर होतो. किल्खबर्ग झ्युरिकच्या मेन स्टेशनवरून लोकलने दहा-बारा मिनिटं, पुढे थोडं चालायचं, किंवा ब्युर्कलीप्लाट्झवरून १६५ नंबरची बस जी जवळजवळ दारात सोडते. उन्हाळ्यात येताना बोटीने या, आईला म्युझियमपेक्षा ते जास्त आवडलं. अर्ध्या दिवसात सगळं आटोपतं, पाऊस असेल तर याहून चांगला पर्याय झ्युरिकमध्ये नाही. नवीन इमारत, लिफ्ट आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना काही अडचण नाही. ब्रोकला मात्र झ्युरिकहून एका बाजूला अडीच तासांच्या आसपास लागतात, म्हणजे पूर्ण दिवस. स्टेशन अगदी कारखान्यापाशी आहे ही चांगली गोष्ट, पण आजी-आजोबांना सकाळी सातला उठवून पाच तास रेल्वेत बसवायचं आणि मधे तास-दीड तास चॉकलेट, हे गणित मला जमत नाही. तुमचा मुक्काम बर्न, माँत्रू किंवा लोझान बाजूला असेल तर मात्र डोळे मिटून काये.

आणि ब्रोकला गेलात तर नुसतं ब्रोक करून परत येऊ नका, शेजारीच ग्रुयेर आहे. टेकडीवरचं तटबंदीचं जुनं गाव, किल्ला, खाली स्टेशनसमोर चीज बनवायची डेअरी, जिथे वरून मोठमोठ्या तांब्याच्या कढया दिसतात. याच सगळ्यासाठी माँत्रूहून 'चॉकलेट ट्रेन' नावाची सीझनची टूर निघते, महाग आहे आणि नावात ट्रेन असली तरी काही टप्पा बसने असतो, स्विस पास असेल तर स्वतःच केलेलं बरं. शाकाहारी लोकांसाठी एक गोष्ट, ग्रुयेर चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, आणि तिथे दाट सायीबरोबर मिळणारे पांढरे मरँग अंड्याच्या पांढऱ्याचे असतात. मावशीला मी हे चीज खाऊन झाल्यावर सांगितलं, ती चूक करू नका, दोन दिवस ऐकवलं तिने. गावात 'एलियन' सिनेमाच्या डिझाइनवाल्या गीगरचं म्युझियम आहे, ते मुलांना घेऊन अजिबात नको.

चॉकलेटांतही बघून घ्या, साधं मिल्क-डार्क काही प्रश्न नाही, पण भरलेल्या चॉकलेटांत किर्श, कॉन्याक वगैरे दारू असलेली बरीच असतात, वेष्टनावर चेरीचं चित्र दिसलं की उलटून वाचा. आम्ही एकदा गेलो तेव्हा नेमकी संकष्टी होती, आणि उपासाला चॉकलेट चालतं का यावर गाडीत सव्वा तास चर्चा झाली. दूध चालतं, साखर चालते, कोको हे फळाचं बी म्हणून चालावं, गाडी अडली ती त्यातल्या सोया लेसिथिनवर, म्हणजे सोयाबीनपासून काढलेल्या घटकावर. शेवटी आईने चंद्रोदयानंतरसाठी पिशवी भरून घेतली.

तिकिटं दोन्हीकडे मोठ्यांना पंधरा ते वीस फ्रँकच्या दरम्यान, लहानांना कमी, आणि फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलेला आहे तेव्हा पाच जणांचं कुटुंब असेल तर आकडा लहान नाही. म्हणून दोन्ही करू नका, एकच करा. स्लॉट आधी ऑनलाईन घ्या, शनिवार-रविवार आणि पावसाच्या दिवशी आयत्या वेळी मिळत नाही. आम्ही एकदा ताईच्या फोटोंपायी अर्धा तास उशिरा पोचलो, आत सोडलं कसंबसं, पण सगळ्यांच्या देखत जी काकुळती करावी लागली त्यापेक्षा फोटो नंतर काढलेले बरे.

आता दुकान. लिंटचं दुकान लिंटचं जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात, आणि तिथे गेलं की माणसाचं भान सुटतं. पण शांतपणे विचार करा, लिंट पुण्या-मुंबईच्या प्रत्येक मॉलमध्ये आणि एअरपोर्टवर मिळतं, आणि इथे कूप किंवा डेनर या सुपरमार्केटमध्ये ऑफर लागली की दुकानापेक्षा स्वस्त पडतं. तिथून फक्त आवडीचे सुटे गोळे पिशवीत भरून घ्या. काये भारतात सहज दिसत नाही, तेव्हा ऑफिसला, शेजाऱ्यांना वाटायला तेच न्या, "हे कुठलं?" असं विचारतात तरी. तेही सुपरमार्केटमध्ये मिळतं, ब्रोकलाच घ्यायची सक्ती नाही.

ज्यांची टूर पॅरिस-ॲमस्टरडॅम करत जर्मनीतून खाली येते त्यांच्यासाठी तिसरा पर्याय म्हणजे कोलोनचं चॉकलेट म्युझियम, ऱ्हाईनच्या काठी, १९९३ पासून आहे. म्युझियम म्हणून ते मला या दोघांपेक्षा सरस वाटतं, कोकोची खरी झाडं असलेलं काचघर आहे, आत छोटा कारखाना बियांपासून वडीपर्यंत दिसतो, आणि तीन मीटरच्या कारंज्यात वेफर बुडवून हातात देतात. म्हणजे भाच्याचा तो "हात लावू का" वाला प्रश्न तिथे निम्मा तरी सुटतो. ते होणार असेल तर इथलं दोन्ही सोडा आणि तो अर्धा दिवस तलावावर घाला.

आणि मे महिन्यात परत जाणार असाल तर चॉकलेट केबिन बॅगेत नको, चेक-इनमध्ये मधोमध, स्वेटरांच्या आत. कोको बटर चौतीस डिग्रीच्या आसपास वितळतं आणि मुंबई एअरपोर्टबाहेर टॅक्सीची वाट बघत उभे राहाल तेव्हा त्याची आठवण येईल. काकांनी ठेवली होती खांद्यावरच्या पिशवीत, दादरला पोचेपर्यंत एक किलोची एकच वडी झाली होती. तीच त्यांनी नारळ फोडायच्या कोयत्याने फोडून अख्ख्या सोसायटीत वाटली.