नॅशनल मीडिएशन बोर्डाची मध्यस्थी: घाई असेल तर निराशा ठरलेली

अमेरिकेत पायलट युनियन आणि एअरलाइनची पगार-नियमांच्या करारावरची बोलणी अडली की प्रकरण या सरकारी बोर्डाकडे जातं. मध्यस्थीची फी नाही. एकमेकांच्या तोंडावर जे कबूल करता येत नाही, ते दोन्ही बाजू मध्यस्थाजवळ बोलतात आणि कोंडी फुटते. एवढ्यासाठी ही सेवा खरोखर चांगली आहे. वेळेच्या बाबतीत मात्र तिच्यावर भरवसा ठेवू नये.

कारण कायद्यातच आहे. 1926चा रेल्वे लेबर ॲक्ट 1936मध्ये एअरलाइन्सना लागू झाला. त्याखाली करार संपत नाही, ठरलेल्या तारखेनंतर फक्त बदलायला खुला होतो. बोलणी चालू असेपर्यंत जुनाच पगार, जुनेच ड्युटीचे नियम. कंपनीला ते एकतर्फी बदलता येत नाहीत हे खरं, पण महागाई वाढत असताना थांबून राहणं तिला स्वस्त पडतं. मध्यस्थीला मुदत नाही आणि बैठका किती अंतराने घ्यायच्या हे बोर्डाच्या हातात. मध्यस्थीतून सुटका हवी तर आधी बोर्डाने लवाद सुचवायचा, एका बाजूने तो नाकारायचा, मग 30 दिवस थांबायचं, संप त्यानंतर. तिथेही राष्ट्राध्यक्ष आपत्कालीन मंडळ नेमू शकतात. फेब्रुवारी 1997मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांचा संप सुरू झाला आणि क्लिंटन यांनी काही मिनिटांतच असं मंडळ नेमून तो थांबवला.

म्हणून 99 टक्के मतांनी संपाचा ठराव झाला तरी कॅलेंडरवर खूण करू नका. साउथवेस्ट एअरलाइन्समध्ये मे 2023मध्ये तसंच मतदान झालं. संप झाला नाही, आणि 2020मध्ये सुरू झालेल्या बोलण्यांचा करार जानेवारी 2024मध्ये मंजूर झाला. ठरावाने एकजूट दिसते, तारीख मिळत नाही.

मागच्या काळाचा पगारातला फरक कायद्याने मिळत नाही, तोही मागून घ्यावा लागतो. डेल्टा एअरलाइन्सच्या मार्च 2023च्या करारात एकरकमी भरपाई होती: 2020 आणि 2021च्या कमाईच्या प्रत्येकी 4 टक्के, 2022च्या 14 टक्के. पूर्ण फरक गृहीत धरून कर्ज काढणाऱ्याची फसगत इथेच होते.

कराराचा मसुदा मतदानात नाकारला की जास्त मिळतं, हा समज युनायटेड एअरलाइन्समुळे पसरला. तिथे नोव्हेंबर 2022मध्ये 94 टक्के पायलटांनी नकार दिला आणि सप्टेंबर 2023मध्ये बराच चांगला करार मंजूर झाला. पण मधल्या काळात डेल्टाचा करार झाला होता आणि पायलटांची टंचाई होती. दुसऱ्या एअरलाइनचा असा करार आणि असा बाजार नसेल, तर नकारानंतर हाती लागते ती युनियनची नवी वाटाघाटी समिती, नवं सर्वेक्षण आणि मध्यस्थाच्या तारखेची वाट.

मसुद्यावरच्या मतदानाआधी तासाच्या दरावर अडकू नका. महिन्याला किमान किती तासांचा पगार पक्का, रिझर्व्हवर, म्हणजे बोलावण्याच्या तयारीत असताना किती वेळात हजर व्हायचं, रोस्टर ऐनवेळी बदललं तर जादा किती, प्रवासी म्हणून दुसऱ्या तळावर नेलं तर ते तास धरतात का, हे आपल्या मागच्या 12 महिन्यांच्या रोस्टरवर मांडून पाहा. सारांशपत्रकावर विसंबू नका, मूळ कलम वाचा. ‘शक्यतो’ हा शब्द जिथे दिसेल तिथे थांबा आणि समितीला लेखी विचारा. तक्रार लवादापुढे गेली की अशाच शब्दावर ती हरते.