धाड कोणाची सरस: डग्लसची की एडवर्डची?

१३२७ मध्ये स्कॉटलंडचा सरदार जेम्स डग्लस याचे स्वार इंग्लंडच्या वेअरडेलमध्ये घुसले ते रसदगाड्यांशिवाय. खोगिरात खोचलेला लोखंडी तवा, मागे ओटच्या पिठाची पिशवी. मांस लुटलेल्या गुरांचं, त्यांच्याच कातड्यात शिजवलेलं. इंग्लंडचा १४ वर्षांचा राजा तिसरा एडवर्ड अवजड फौज घेऊन त्यांना शोधत फिरला. एका रात्री डग्लस थेट राजाच्या तंबूवर चालून गेला, आणि पुढे सगळे स्कॉट अंधारातच पसार झाले. धाड म्हणावी तर हीच!

१३५६ मध्ये एडवर्डने स्कॉटलंडचा लोथियन प्रांत जाळत सुटून उट्टं काढलं. तिथल्या हॅडिंग्टन गावातलं फ्रान्सिस्कन साधूंचं चर्चही सोडलं नाही. नासधूस याची जबर, पण पोटाची सोय जहाजांवर. ती वादळात पांगली आणि राजाला मुकाट्याने माघारी फिरावं लागलं.