घटसर्प: पीसीआर की एलेक?

ठाण्यातल्या लॅबमध्ये घशाच्या स्वॅबवर घटसर्पाचा जंतू वाढला, तर पुढचा प्रश्न एकच: तो विष बनवतो का?

पीसीआर ही जनुक शोधणारी चाचणी. विषाचं जनुक, म्हणजे टॉक्स, जंतूत आहे की नाही ते ती काही तासांत सांगते. आहे म्हटलं तरी थांबा. काही वाणांत जनुक असतं, पण एखादा बेस (डीएनएमधलं एक अक्षर) गळून वाचनचौकट, म्हणजे ती अक्षरं तीन-तीन करून वाचण्याची रांग, सरकलेली असते. विष बनतच नाही.

एलेक ही जंतू प्लेटवर वाढवून करायची चाचणी. तिच्यात विषच दिसतं: अँटिटॉक्सिनच्या (विषाला बांधणाऱ्या प्रतिपिंडांच्या) चकतीजवळ बारीक पांढरी रेघ, २४ ते ४८ तासांनी. एलेकची खोड लोहाची. माध्यमात लोह जास्त झालं की जंतूचंच डीटीएक्सआर प्रथिन टॉक्स जनुक दाबून धरतं, रेघ उमटत नाही. म्हणून प्रत्येक प्लेटवर नक्की विष बनवणारा, तुलनेचा (कंट्रोल) वाण हवाच.

आमची पसंती आधी पीसीआर, पॉझिटिव्ह आल्यास एलेक. रुग्णाचं अँटिटॉक्सिन मात्र दोन्हींसाठी अडवू नका.