रिबिटांवर विनाइल: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

जानेवारीत नागपूरच्या वाडी भागातल्या आमच्या शेडमध्ये मामेभावाच्या 20 फुटी अॅल्युमिनियम कंटेनर गाडीला दोन्ही बाजूंनी छापील विनाइल (चिकटणारी प्लास्टिक फिल्म) चढवलं. आता ऑक्टोबर संपत आला. मधल्या काळात गाडी हैदराबाद आणि रायपूरच्या फेऱ्या करत होती, म्हणजे 44 आणि 53 या दोन्ही महामार्गांची धूळ, नागपूरचा मे महिना आणि अख्खा पावसाळा तिच्या अंगावरून गेलाय. सपाट पत्र्यावर विनाइल नीटच बसतं, त्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नाही. खरा प्रश्न रिबिटांचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या, डोकं वर आलेल्या खिळ्यांचा.

एका बाजूला सहाशेच्या वर रिबिटं आहेत. फिल्म कास्ट प्रकारची घेतली (कास्ट आणि कॅलेंडर्ड यांतला फरक पुढे सांगतो), जाडी साधारण 50 मायक्रॉन, वरून लॅमिनेशनही कास्टच. पण उजव्या बाजूच्या मागच्या टोकाला रोल कमी पडला. गाडी दुसऱ्या दिवशी भरायची होती, म्हणून शेवटचा एक पट्टा दुकानात असलेल्या कॅलेंडर्ड फिल्मवर छापून लावला. ती चांगल्या प्रतीची होती, जाडीही जास्त. हात तेच, हीट गन तीच, दिवसही तोच. त्यामुळे एकाच गाडीवर दोन्हींची परीक्षा झाली.

एप्रिलच्या मध्यात ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, मागच्या बाजूनं रिबिटाईवर फुगे आले ना!" जाऊन मोजलं. कॅलेंडर्ड पट्ट्यावरच्या 70 रिबिटांपैकी 41 ठिकाणी फिल्म उचलली होती, प्रत्येक डोक्याभोवती छोटा तंबू. त्याला लागूनच असलेल्या कास्ट पट्ट्यावर एकही नाही. संपूर्ण गाडीवर कास्टची 11 रिबिटं उचलली होती, त्यांचं कारण पुढे सांगतो.

असं होतं कारण कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून दाबून, ओढून बनते. तो ताण तिच्यात राहतो आणि ऊन लागलं की ती मूळ मापाकडे परत जायला बघते. कास्ट फिल्म पातळ द्रव ओतून, भट्टीत सुकवून तयार होते, तिच्यात असा ताण जवळपास नसतो. त्यात खालचा पत्राही स्वस्थ बसत नाही. सहा मीटर अॅल्युमिनियम 40 अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटर वाढतं. मेमध्ये दुपारी दोन वाजता गडद निळ्या भागावर मी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर 66 दाखवले.

पण नुसती कास्ट घेतली म्हणून काम झालं असं समजू नका. आमच्या पहिल्या बाजूला पहिल्याच रात्रीत चाळीसेक तंबू परत उभे राहिले होते. फिल्म बसली की आम्ही हीट गन बाजूला करत होतो, ती चूक होती. रिबिटाच्या डोक्यावर फिल्म आपण ओढलेली असते, तो ताण मोडल्याशिवाय ती तिथे राहत नाही.

आता असं करतो. आधी रिबिटांच्या ओळींमधला सपाट भाग स्क्वीजीने (दाबपट्टीने) पक्का बसवायचा आणि रिबिटांवर तंबू तसेच राहू द्यायचे. मग तंबूच्या कडेला सुईने तीन-चार भोकं पाडायची, हवा बाहेर पडायला. हीट गनने फिल्म मऊ झाली की ताठ केसांच्या गोल ब्रशने बाहेरून आत, गोल गोल फिरवत डोक्याच्या बुडाशी दाबत यायचं. थेट डोक्यावर दाबलं तर बुडाशी हवेचं कडं अडकतं. सगळं बसल्यावर त्याच जागी पुन्हा उष्णता द्यायची, फिल्मचं तापमान 90 ते 100 अंशांपर्यंत जाईल एवढी. हे अंदाजाने करू नका, थर्मामीटर लावून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकेक रिबिट तपासायचं. एका बाजूला एका माणसाचा जवळजवळ पूर्ण दिवस यातच जातो, आणि गाडीमालकाला त्याचे पैसे आधीच सांगावेत. मजुरी कमी करायला गेलात तर पहिली काट इथेच बसते.

आता ती 11 रिबिटं. सहा सगळ्यात वरच्या ओळीतली होती. शिडीवरून तिथे ब्रशचा जोर नीट लागत नाही, पुढच्या वेळी मचाण बांधणार. तीन पोकळ पॉप रिबिटं होती, मधोमध भोक असलेली. उरलेल्या दोघांभोवती बॉडीवाल्याने सिलिकॉन फिरवलेलं होतं. सिलिकॉनवर कुठलंच विनाइल धरत नाही. आता तिथे फिल्म सिलिकॉनच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच कापतो आणि ती जागा मोकळी सोडतो.

धुण्याबद्दल एक गोष्ट. साबणपाण्याने धुतल्यावर पाणी रिबिटांच्या डोक्याखाली दडून बसतं आणि गरम केलं की फिल्मखाली बाहेर येतं. कॉम्प्रेसरने प्रत्येक ओळ फुंकून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडं झाल्यावरच सुरुवात करा. पाणी मारून विनाइल सरकवत बसवायची सवय असेल तर ती इथे विसरा. थंडीत आम्ही सकाळी अकराच्या आधी हात लावला नाही, कारण गार पत्र्यावर गोंद पकड घेत नाही.

पावसाळ्यात उचललेल्या रिबिटांभोवती चिखलाची काळी कडी आली. जुलैत एका धुलाई सेंटरवर जेटचा नोझल अगदी जवळ धरल्याने त्यातली चार फाटली. तिथे नाण्याएवढ्या गोल टिकल्या कापून, गरम करून लावल्या. चौकोनी ठिगळाचे कोपरे उचलतात, टिकलीचे नाही. तीन महिने झाले, चारही जागच्या जागी आहेत. रंग अजून उतरलेला नाही.

मामेभावाची दुसरी गाडी दिवाळीनंतर येतेय. तिची डिझाइन करताना रिबिटांच्या ओळी आधी मोजून घेतल्या आहेत. दोन पट्ट्यांचा जोड एकाही ओळीवर येत नाही, आणि फोन नंबर दोन ओळींच्या मधल्या सपाट पत्र्यावर घेतलाय.