प्लाझ्माची तारीफ खरी होती, खोक्यातला सेट खोटा

टीव्हीच्या दुकानात कोणी गंडवलं तर ते खोटं बोलूनच गंडवेल, अशी आपली समजूत असते. आम्हाला नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानानं गंडवलं ते जवळपास सगळं खरं सांगून. गोष्ट २०१४ च्या दिवाळीची, म्हणजे जुनी. पण परवा मेहुणा नवीन टीव्ही बघून आला आणि ओएलईडी भारी की क्यूएलईडी यावर जेवण होईस्तोवर बोलत राहिला. बिलावर सिरियल नंबर लिहून देणार का, खोकं आपल्यासमोर उघडणार का, यातलं काहीच त्यानं विचारलं नव्हतं. म्हणून लिहून टाकतो.

बाबांना क्रिकेटसाठी मोठा टीव्ही हवा होता आणि आम्ही एलईडी घ्यायचा म्हणूनच गेलो होतो. सेल्समन पोरगा चुणचुणीत. "क्रिकेट पाहाचं आहे नं काका? मंग एलईडी कायले घेता?" म्हणत त्यानं आम्हाला मागच्या खोलीत नेलं. दिवे बंद, शेजारीशेजारी दोन सेट, एक एलईडी आणि एक प्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या प्रकारचा, किंमत जवळपास सारखीच. रात्रीच्या आकाशाचं एकच दृश्य दोन्हीवर लावलं. एलईडीवरचं आकाश राखाडी, प्लाझ्मावरचं काजळासारखं. बाबा तिथेच विरघळले.

पोरानं समजावलंही छान. एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच, म्हणजे मागचा उजेड अडवून चित्र दाखवणारा पडदा, फक्त मागून उजेड द्यायला ट्यूबऐवजी एलईडी दिवे. तो उजेड पुरता अडत नाही, म्हणून काळा रंग फिका पडतो. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, मागे दिवाच नसतो. बाजूच्या खुर्चीवरूनही रंग तसेच दिसतात, पळता चेंडू फरफटत नाही. शेवटी हुकमाचं पान: "६०० हर्ट्झ आहे काका, एलईडीचे ५०-६०." आकडा कंपनीनंच छापलेला होता. त्याचा अर्थ मला नंतर कळला. प्लाझ्मा एकेक चित्र १० तुकड्यांत पेटवून दाखवतो, त्यामुळे सेकंदाला ६० चित्रं गुणिले १० तुकडे असा तो हिशोब. सेकंदाला ६०० वेगवेगळी चित्रं काही दिसत नाहीत.

जे सांगितलं नाही, ते जास्त महत्त्वाचं होतं. तो ४२ इंची प्लाझ्मा १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा होता, म्हणजे ८ लाखांहून कमी. शेजारचा एलईडी फुल एचडी, २० लाखांहून जास्त. पोरगा दोघांनाही नुसतं "एचडी" म्हणत होता. दुसरं म्हणजे प्लाझ्माचा बाजारच उठत आला होता. पॅनासॉनिकनं २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवलं होतं आणि २०१४ संपता संपता सॅमसंग, एलजीही त्यातून बाहेर पडले. पुढे पॅनल गेलं तर मिळणार कुठून? हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं, डीलरला असतं.

पण हेही एक वेळ चालून गेलं असतं. खरा घोळ खोक्यात होता.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी टेम्पो आला. पोरं घाईत, अजून दोन घरं करायची म्हणाली. त्यांनी खोकं गॅलरीतच उघडलं, सेट आणून टेबलावर ठेवला, खोकं परत न्यायला निघाली. आईनं खोकं ठेवून घेतलं, ते केवळ माळ्यावर गाद्या भरायला बरं म्हणून. तेच पुढे कामी आलं. बिलावर लिहिलं होतं "प्लाझ्मा टीव्ही ४२ इंच, १ नग". मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का होता, तारखेची जागा कोरी.

डिसेंबरात ॲडलेडची कसोटी लागली, कोहलीनं दोन्ही डावांत शतक ठोकलं तीच. पहाटे हॉलमध्ये अंधार करून बाबा बसले. अशा अंधारात प्लाझ्मा खरंच देखणा दिसतो, आजही म्हणेन. आणि तिथेच, हिरव्यागार मैदानाच्या खालच्या भागात, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फिकट पट्टी दिसली. कॅमेरा हलला तरी पट्टी जागच्या जागी. मी जवळ जाऊन पाहिलं तर पट्टीत चौकोन आणि चौकोनात पुसट आकडा: ६००.

दुकानात सेट डेमोवर लावला की खाली गुणवर्णनाची पट्टी कायम झळकत राहते. प्लाझ्मावर एकच चित्र महिनोन्‌महिने राहिलं की तिथले ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि त्याची सावली कायमची उमटते. घरात ती पट्टी कधीच लागत नाही. म्हणजे सेट दुकानात उभा राहून घासलेला होता.

फोन केला तर पुन्हा अर्धं खरं उत्तर: "नवीन प्लाझ्माले होतेच काका, पंधरा दिवसांत निघून जाईन." नवीन प्लाझ्मावर चित्राची छाया रेंगाळते आणि जातेही, हे खरं आहे. त्या भरवशावर दिवस गेले. मग म्हणे व्होल्टेजमुळे. मग म्हणे तुम्ही न्यूज चॅनल फार लावता.

महालातल्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. त्यानं रिमोटची काही बटणं ओळीनं दाबून आतला मेनू उघडला आणि सेट एकूण किती तास चालला ते दाखवलं. आकडा पाच हजारांच्या वर होता. दिवाळीपासून रात्रंदिवस चालू ठेवला असता तरी एवढे तास भरत नव्हते. "भाऊ, हा तं शोरूमचा पीस आहे," एवढं म्हणून त्यानं स्टँडच्या स्क्रूकडे बोट केलं. खाचा घासून गुळगुळीत झालेल्या. मग मी माळ्यावरचं खोकं उतरवलं. खाकी टेपखाली आधीच कापलेली पारदर्शक टेप होती, आणि खोक्यावरचा सिरियल नंबर सेटच्या पाठीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. खोकं एकाचं, सेट दुसराच! सेटवरचा नंबर कंपनीच्या हेल्पलाइनला सांगितला तेव्हा कळलं की तो डीलरकडे डेमोसाठी म्हणून गेलेला होता.

मालकाकडे गेलो तर आधी गोड, मग तिरसट. दोन्ही नंबर, मेनूतले तास, कापलेली टेप, सगळ्याचे फोटो लावून रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं आणि पुढची पायरी ग्राहक मंच, असं त्यात लिहिलं. त्यावर तो वळला. सेट बदलून एलईडी दिला, "वापराचे" म्हणून काही रक्कम मात्र कापलीच. ती कापलेली रक्कम मला आजही फसवणुकीची दुसरी खेप वाटते. बाबा म्हणाले मिटवा, म्हणून मिटवलं. प्लाझ्मा न्यायला आलेल्या पोराला मालक फोनवर सांगत होता, "खोकं पण आणजो बे, फाडू नको."

आता मेहुण्याला सांगितलं ते इथेही सांगतो. ओएलईडीतही प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, त्यामुळे काळा रंग तसाच गडद आणि ठसा राहण्याचा धोकाही तसाच. क्यूएलईडी म्हणजे पुन्हा एलसीडीच, रंग सुधारायला एक जास्तीचा थर. दिवसा खिडक्या उघड्या असणाऱ्या हॉलमध्ये क्यूएलईडी बरा, अंधाऱ्या खोलीत ओएलईडी. एवढं ठरवायला पाच मिनिटं पुरतात. उरलेला वेळ सेटवर घालवा. पेनड्राइव्हमध्ये नुसत्या राखाडी, लाल, पांढऱ्या रंगाची चित्रं न्या आणि सेट लागल्या लागल्या पूर्ण पडद्यावर लावून पाहा. सावली असेल तर त्यातच दिसते. बऱ्याच सेटच्या मेनूत चाललेले तासही दिसतात. डिस्प्ले पीस घ्यायला माझी ना नाही, पण बिलावर तसं लिहून घ्या आणि भाव तसा द्या.

बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर नसेल तर पैसे देऊ नका. प्रकरण गेलंच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) तक्रार करता येते, मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहा. आणि टेम्पोवाली पोरं कितीही घाई करोत, चहा पाजा, पण दोन्ही नंबर जुळवून सेट चालू होईपर्यंत डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नका.